डावखुरा बास गिटार घडवून घ्यायचा तर

मुंबईत धोबी तलाव असो की पुण्यातलं एखादं दुकान, भिंतीवर टांगलेले बास बघितले तर सगळे उजव्यांचे. डावखुरा मागितला की दुकानदार म्हणतो, “ऑर्डर करावा लागेल,” आणि कॅटलॉगमधली एखाद-दोन मॉडेल्स दाखवतो. हात लावून बघायची सोय नाही, पैसे मात्र आधी. अशा वेळी मनात येतंच, की न बघताच घ्यायचा आहे तर आपल्या मापाचा घडवून का घेऊ नये?

जरूर घ्यावा. फक्त एक ध्यानात ठेवा. तुमचा कारागीर कितीही चांगला असला तरी त्याचे बहुतेक बास उजव्यांसाठीच झालेले असतात. बॉडीचा आकार उलटवणं त्याला अवघड नाही, साचा पालथा केला की झालं. चूक होते ती लहानसहान भागांत: खुंट्या, पॉट (बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), पिकअपची (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाची) खाच, नेकच्या (मानेच्या) कडेचे ठिपके. तिथे त्याचा हात सवयीने उजवीकडेच वळतो. म्हणून या लेखात लाकूड आणि रंगापेक्षा ऑर्डरच्या कागदावर जास्त लिहिलं आहे.

आधी ठरवा, डावखुरा हवाच का

वर्षानुवर्षं डाव्या हाताने तार छेडत असाल तर हा भाग सोडून पुढे जा.

नव्याने शिकत असाल तर मात्र थोडं थांबा. लिहायला डावा हात वापरतो म्हणून वाद्यही डावंच लागतं असं नाही. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजव्यांसारखी गिटार वाजवतो. बासवादक जिमी हॅस्लिपची तऱ्हाच वेगळी, त्याच्या बासवर तारा उलट्या क्रमाने असतात, जाड तार खाली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये हॉफ्नरचा व्हायोलिनच्या आकाराचा बास घेतला, त्यामागे एक कारण असं, की दोन्ही बाजू सारख्या असल्याने तो डावीकडे धरला तरी विचित्र दिसत नव्हता.

एक साधी परीक्षा आहे. गाणं लावा, हातात काही न घेता बास धरल्यासारखं करा आणि ठेका कोणता हात घेतो ते बघा. डाव्या हाताची बोटं आपोआप छेडायला लागली तर प्रश्नच मिटला. काहीच फरक जाणवत नसेल तर माझं स्पष्ट मत, उजवा बास घ्या. पैसे वाचतील, मित्राचा बास उचलून वाजवता येईल आणि उद्या विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळेल.

उजवा बास घेऊन नुसत्या तारा उलट लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. बॉडीचं वरचं लांब शिंग खाली जातं, वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात पोचायला केलेली खाच नको त्या बाजूला येते आणि वाजवताना मनगट व्हॉल्यूमच्या बटणावर घासत राहतं.

मापं घ्या, हातात येईल त्या बासवरून

डावखुरा बास हाताळायला मिळत नसला तरी उजव्या बासवरून बरंच कळतं. तो पालथा धरा, म्हणजे नेक उजव्या हातात येईल. वाजवता येणार नाही, पण नेकची जाडी, रुंदी, पहिल्या फ्रेटपर्यंतची ताण, बॉडीचं वजन हे सगळं समजतं. दोन-तीन वेगवेगळे बास असे धरून बघितले की आपल्याला काय आवडतं ते आकड्यांत सांगता येतं. सोबत व्हर्नियर कॅलिपर आणि टेप ठेवा.

पहिलं माप स्केलचं, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारेची वाजणारी लांबी. फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बासपासून ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर, हे माप रूढ झालं. हात लहान असतील तर ३० किंवा ३२ इंचांचा विचार जरूर करा, हॉफ्नरही साधारण ३० इंचांचाच. पाच तारांचा हवा असेल तर खालच्या बी तारेची अडचण येते. ती साधारण ३१ हर्ट्झवर वाजते आणि कमी ताणाला ढिली, फदफदणारी होते. म्हणून बरेच कारागीर पाच तारांना ३५ इंच सुचवतात. ३४ वरही चांगली बी तार मिळते, पण त्यासाठी नेक ताठ हवा आणि तार जाड, ०.१३० इंचाच्या आसपास.

दुसरं माप नटच्या रुंदीचं. १९६० मध्ये आलेल्या फेंडरच्या जॅझ बासचा नट ३८ मिलिमीटर, प्रिसिजनचा साधारण ४१ ते ४४. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, हातात मात्र दोन वेगळी वाद्यं होतात. तिसरं, ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर. चार तारांना १९ मिलिमीटर नेहमीचं. स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोकून) वाजवत असाल तर पाच तारांनाही १९ मागा. फक्त बोटांनी वाजवत असाल तर १७ च्या आसपास हात कमी फिरतो.

वजनाचा आकडाही लिहा. “हलका हवा” म्हणू नका, “चार किलोच्या आत” म्हणा. दोन तास उभं राहून वाजवल्यावर खांदा याच आकड्याची आठवण करून देतो.

कारागीर निवडताना

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात की कारागीर आधी विचारतो, गायचं कुठल्या पट्टीत? लाकूड, नक्षी, रंग ही बोलणी नंतर. इलेक्ट्रिक बासच्या कारागिराकडूनही हीच अपेक्षा ठेवा. तुम्ही काय वाजवता, बोटांनी की पिकने, पट्टा किती खाली ठेवता, कोणता ॲम्प आहे, हे जो आधी विचारतो त्याच्याशी बोलणं पुढे न्या. पहिल्याच फोनवर जो विदेशी लाकडाच्या फोटोंचा पाऊस पाडतो त्याच्या बाबतीत जरा सावध.

आपल्याकडे इलेक्ट्रिक बास स्वतः घडवणारे मोजकेच. त्यातले बरेच जण दुरुस्तीपासून सुरुवात केलेले, आणि ते चांगलंच. बिघडलेली शंभर वाद्यं उघडलेल्या माणसाला काय मोडतं ते ठाऊक असतं. मात्र नेक बदलणं वेगळं आणि नेक घडवणं वेगळं. त्याने स्वतः कोऱ्या लाकडातून घडवलेली वाद्यं बघायला मागा. त्यात एखादा डावखुरा असेल तर उत्तम. त्याच्या मालकाशी बोलायची परवानगी मागा आणि वर्ष उलटल्यावर बास कसा आहे तेवढंच विचारा.

फोटो बघताना चकचकीत पुढची बाजू सोडा. नेक बॉडीत बसते ती जागा बघा, फट दिसायला नको. फ्रेटची टोकं जवळून बघा. मागचं झाकण उघडल्यावर वायरिंग कसं आहे ते बघा. जो आतून नीट काम करतो तो बाहेरूनही नीट करतो.

डावखुऱ्यासाठी काही जण जादा पैसे मागतात. कारखान्यात वेगळी मांडणी करावी लागते म्हणून ते समजण्यासारखं आहे. एकेक वाद्य हाताने घडवणाऱ्याने मागितले तर नेमकं कशासाठी ते विचारा. उलट्या खुंट्या किंवा खास पॉट मागवायचा खर्च असेल तर द्या. नुसता “डावा आहे ना” हे कारण पुरेसं नाही.

ऑर्डरचा कागद

फोनवर ठरलेलं सगळं एका कागदावर यायला हवं, सोबत पेन्सिलचं का होईना पण एक चित्र. चित्र समोरून काढा आणि त्यावर लिहा: “समोरून बघताना नेक डावीकडे, जाड तार वरच्या कडेला.” हे वाक्य वेड्यासारखं वाटेल, पण आरशातली प्रतिमा डोक्यात उलटसुलट होते, कारागिराच्याही आणि आपल्याही.

नेकच्या कडेचे ठिपके वाजवणाऱ्याला दिसतील अशा कडेवर हवेत, म्हणजे जाड तारेच्या बाजूला. उजव्या नेकची तयार पट्टी वापरली गेली तर ते खालच्या कडेला जातात आणि स्टेजवर अंधारात सातवा फ्रेट शोधत बसावं लागतं. फिंगरबोर्डच्या पुढच्या ठिपक्यांना डावं-उजवं नसतं, तिथे काळजी नको.

नेकची पाठ दोन्ही बाजूंना सारखी गोल असेल तर प्रश्न नाही. काही कारागीर जाड तारेकडची बाजू जास्त भरीव ठेवतात, अंगठ्याला आराम मिळावा म्हणून. तशी हवी असेल तर “उलटी” हा शब्द कागदावर हवाच. नाही तर भराव नको त्या बाजूला येतो आणि एकदा घासून झाल्यावर लाकूड परत लावता येत नाही.

खुंट्यांचं गणित थोडं किचकट. एका ओळीत चार खुंट्यांचा हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) हवा असेल तर डावखुऱ्याला आरशातल्यासारखा संच लागतो. उजव्यांचा संच बसवला तर गिअर चुकीच्या बाजूला येतो आणि खुंटी उलट्या दिशेने फिरवावी लागते. ही अडचण टाळायचा सोपा मार्ग म्हणजे दोन-दोनचा हेडस्टॉक. दोन इकडे, दोन तिकडे, बाजारातला कुठलाही संच चालतो आणि उद्या एखादी खुंटी मोडली तरी बदलायला सोपी. पाच तारांत तीन-दोन असेल तर तीन कुठल्या बाजूला ते लिहा. खुंट्या हलक्या घ्या. नेक खाली झुकण्याचं अर्धं कारण जड खुंट्या, आणि उरलेलं बहुतेक पट्ट्याचं बटण. वरच्या शिंगावरचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचलं की बास पट्ट्यावर सरळ राहतो.

पिकअपमध्ये जॅझच्या लांबट पिकअपला डावं-उजवं फारसं लागत नाही, साबणाच्या वडीसारख्या चौकोनी पिकअपलाही नाही. घोळ होतो तो प्रिसिजनच्या दुभंगलेल्या पिकअपचा. त्यात जाड तारांखालचा तुकडा नेककडे आणि बारीक तारांखालचा ब्रिजकडे असतो. कारागिराने बॉडी उलटी कापली, पण पिकअपची खाच नेहमीच्या साच्याने तशीच मारली, तर हा क्रम उलटतो आणि जाड तारांचा तुकडा ब्रिजकडे जातो. काहींना हा उलटा क्रम आवडतो, कारण ई तार जास्त घट्ट आणि स्पष्ट वाजते. आवडत असेल तर मुद्दाम करून घ्या, चुकून होऊ देऊ नका.

आता पॉट. व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवाज वाढतो. डावखुऱ्या बासमध्ये बरेच जण आरशासारखं मागतात, उलट दिशेने फिरवल्यावर वाढणारं. कारागीर मग पॉटच्या दोन टोकांच्या वायरी अदलाबदल करतो आणि काम झालं असं समजतो. पण व्हॉल्यूमला सहसा लॉग प्रकारचा पॉट असतो, त्यात बदल समान वेगाने होत नाही. वायरी उलट केल्या की आवाज एका टोकाला एकदम उसळतो आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच होत नाही. त्यासाठी उलट्या लॉगचा पॉट लागतो, आणि तो लॅमिंग्टन रोडवर सहज हाती लागेलच असं नाही. लिनियर (समान वेगाने बदलणारा) पॉट वापरला तर दिशा कोणतीही चालते, फक्त आवाज चढण्याचा अंदाज बदलतो. माझ्या मते हा खटाटोप करूच नये. ॲम्पची, पेडलची, मिक्सरची सगळी बटणं घड्याळाच्या दिशेनेच वाढतात, मग बासचं एकटंच उलटं कशाला? तरी हवंच असेल तर “उलटा लॉग पॉट, वायरी बदलून नव्हे” असं लिहा.

बॅटरीचा प्रीॲम्प (बासच्या आतलं आवाज वाढवणारं सर्किट) घेत असाल तर बॅटरी स्क्रू न काढता बदलता यावी आणि बॅटरी संपली तरी वाजवता यावं म्हणून साधा मार्गही ठेवावा.

शेवटी केस. आतून बासच्या आकाराची कोरलेली हार्ड केस उजव्या बासच्या मापाची असते, त्यात डावखुरा तोंड वर करून बसत नाही. आयताकृती केस मागा. चांगली गादी असलेली मऊ बॅग बहुतेक वेळा दोघांनाही चालते.

लाकूड आणि आपली हवा

लाकडाने आवाज किती बदलतो यावर भांडणारे भांडत राहोत. इलेक्ट्रिक बासमध्ये पिकअप, तारा आणि बोटं यांचा वाटा मोठा. लाकूड निवडताना मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं वाळणं. नेकचं लाकूड किती महिने दुकानात आहे, ओलावा मोजता का, हे विचारा. मोजणारा कारागीर आकडा सांगतो, साधारण ६ ते १० टक्क्यांच्या मधला.

कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात जुळवलेला नेक मे महिन्यात नागपूरला नेला की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात. उलट प्रवासात नेक फुगून वाकतो. म्हणून दोन्ही दिशांना काम करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली धातूची सळई) मागा. पाच तारा असतील तर नेकमध्ये कार्बन फायबरच्या दोन पट्ट्याही घालून घ्या. भाजलेलं मेपल महाग पडतं, पण दमट हवेत ते फार हलत नाही.

फिंगरबोर्डला आपली शिसवी उत्तम, तिची कीर्ती जगभर आहे. बॉडीला महोगनी चालते. सतार-तंबोऱ्यांसाठी वापरतात ते तूनही हलकं आणि स्वस्त. सागवान दिसायला देखणं, पण बहुधा जड, आणि त्यातल्या तेलामुळे सरस लावताना जास्त काळजी घ्यावी लागते. नेक बोल्टने जोडलेला घ्या. सलग लाकडाचा नेक दिसायला सुंदर असतो, पण वाकला तर दुरुस्ती अवघड, आणि प्रवासात सुटा करता येत नाही.

पैसे

सगळे पैसे आधी देऊ नका आणि अगदी थोडे देऊन फार अपेक्षाही धरू नका, कारण कारागिराला लाकूड आणि सुटे भाग विकत घ्यावे लागतात. तीन हप्ते ठीक: ऑर्डर देताना, नेक बॉडीला जुळल्यावर, आणि वाजवून बघितल्यावर. प्रत्येक हप्ता कशाशी बांधलेला आहे ते लिहा, तारखेशी नको, कामाशी. परदेशातून मागवलेल्या पिकअपची सीमाशुल्काची रक्कम कोण देणार तेही लिहा, बहुतेक वाद तिथेच निघतात. बिल घ्या.

मुदत सहा महिन्यांची ठरली तर मनात वर्ष धरा. ऑर्डर रद्द झाली तर किती परत मिळणार हे सुरुवातीलाच विचारा. तेव्हा विचारणं सोपं असतं, नंतर फार अवघड.

परदेशातल्या कारागिराकडून घेणार असाल तर शिपिंग आणि विमा धरून येणाऱ्या किमतीवर सीमाशुल्क आणि त्यावर आयजीएसटी लागतो. चालू दर आधी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या. किंमत कमी दाखवायच्या फंदात पडू नका, वाटेत बास तुटला तर विमाही तेवढाच मिळेल. शिसवीच्या कुळातल्या लाकडांवर २०१७ पासून साइट्सची (CITES, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनं आहेत. नोव्हेंबर २०१९ नंतर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ही सूट लागू नाही, ते कितीही सुंदर दिसलं तरी नको म्हणा.

काम चालू असताना

रोज फोन करून कारागिराला भंडावून सोडू नका, पण दोन टप्प्यांवर फोटो मागाच. पहिला, बॉडी कापून झाल्यावर. तिथे शिंग कुठे, खाच कुठे, पिकअपची जागा कुठे हे चित्राशी ताडून बघता येतं. दुसरा त्याहून महत्त्वाचा: रंग देण्याआधी सगळे भाग बसवून, तारा लावून एकदा वाजवून बघणं. जमलं तर स्वतः जा. पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडून द्या. हेडस्टॉक जमिनीकडे गेला तर बटणाची जागा अजून बदलता येते. नेक जाड वाटली तर अजून घासता येते. एकदा पॉलिश झालं की प्रत्येक बदलाचे पैसे पडतात.

हातात आल्यावर

पार्सल आल्यावर लगेच उघडू नका. थंड ट्रकमधून किंवा विमानातून आलं असेल तर चार-सहा तास केस बंदच ठेवा, लाकूड खोलीच्या हवेला सरावू द्या. उघडताना मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवा.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, डाव्या हाताने जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, असेल तर ठीक. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा, जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटर ही चांगली सुरुवात. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का ते चारही तारांवर बघा. बाहेरच्या दोन तारा फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट हळू वाजवा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर दचकू नका, तो दोष अनेक नामवंत बासमध्येही असतो. खरखर मात्र सहन करू नका, ती दुरुस्त होते.

बटणं फिरवून बघा, आवाज चढतो तो सावकाश की एकदम? जॅक ओढून बघा. कडेचे ठिपके तुमच्या बाजूला आहेत ना ते बघा. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी, फोटोसह, कारागिराला लिहा.

पहिले काही महिने नेक हलणारच. ट्रस रॉडची चावी कारागिराकडून मागून घ्या. डाव्या बासलाही ती नेहमीच्याच दिशेने फिरते: घड्याळाच्या दिशेने फिरवली की तार आणि फ्रेट यांतली फट कमी होते. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्याच कारागिराकडून सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्या. हा पहिला सेटअप किमतीतच धरला आहे असं ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतलं असेल तर आणखी बरं.